पांढरं वरण

मी पुष्पावती. नेवाशाजवळ प्रवरेच्या काठी आमचं गाव. गावात मला सगळे पुष्पामावशी म्हणतात आणि पाठ वळली की फटकळ म्हणतात. म्हणू देत. फटकळ बाईच्या हातची भाकरी मात्र सगळ्यांना चालते. नवरा गेल्यापासून मी डबे करून देते. बँकेतले साहेब, शाळेतले मास्तर, फाट्यावर खोली घेऊन राहणारी पोरं आणि अलीकडे बाळंतिणी. पूर्वी बाळंतिणीच्या उशापायथ्याला चार बायका असायच्या. आता कुणाची आई अंथरुणाला खिळलेली, कुणाची सासू नोकरीला. नवरा बिचारा मोबाईलवर बघून अळिवाची खीर करायला जातो आणि पातेलं करपवतो. मग मला फोन येतो.

निकिताचा डबा असा फोनवर ठरलेला नव्हता. निकिता म्हणजे आमच्या समोरच्या घरातली, पंकजा आणि बजरंगची एकुलती एक लेक. दोन घरांच्या मध्ये फक्त गल्ली. लहानपणी ती माझ्याच चुलीपुढे बसून गरम भाकरीचा पापुद्रा खायची. लग्न होऊन संगमनेरला गेली आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. दिवस भरायच्या आधीच पोटात दुखायला लागलं. नेवाशाच्या दवाखान्यात नेलं, सिझर झालं आणि मुलगी झाली. हातात घेतली तर काही घेतलंय असं वाटेना, एवढी हलकी.

बजरंग नातीला बघून आला तो हसतच आला. माझ्या दारात थांबून म्हणाला, "पुष्पाताई, नाक माझं हाय बरं का! बारशाला पेढं न्हाई वाटायचं. सगळ्या गावाला जिलेबी." दुसऱ्या दिवशी सकाळी गाईची धार काढता काढता तो गोठ्यातच कोसळला. गाडी बोलावली, पण त्याला दवाखान्यात न्यायची गरजच उरली नव्हती.

निकिता तेव्हा दवाखान्यात होती, टाके अजून ओले. पंकजा तिच्या उशाशी. बजरंगचा थोरला भाऊ राधाकृष्ण पंकजाला आणायला गेला, तेव्हा त्यानं लेकीला सांगितलं की गाय अडलीय, तुझा बाप एकटा पडलाय, आई जरा जाऊन येती. आणि पंकजा दिराच्या मोटरसायकलवर बसून नवऱ्याच्या मातीला आली.

पोरीला इतक्यात सांगायचं नाही, हे राधाकृष्णानं ठरवलं. डॉक्टर म्हणाले होते, बाळ अशक्त आहे, आईच्या दुधाशिवाय त्याला दुसरं काही नको. आणि बाळंतिणीनं धसका घेतला की दूध आटतं, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. मला खोटं बोलायला जमत नाही. तोंडावर खरं बोलून किती माणसं मी तोडली आहेत. पण त्या दिवशी मीही मान हलवली. त्या एवढ्याशा जिवापुढे माझ्या खरेपणाचं काय कौतुक?

मग सगळं त्या बेतानं झालं. सुतक राधाकृष्णाच्या मळ्यातल्या घरी धरलं. माणसं भेटायला तिकडेच जायची. गावातलं घर रिकामं ठेवून तिथं निकिताला आणलं. बापाला ती आप्पा म्हणायची. तिला सांगितलं, आप्पांना डेंगू झालाय, पुण्याला ठेवलंय, बाळाजवळ यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, आणि आईला दिवसभर मळ्यात गुरांचं बघावं लागतंय. तिचा मोबाईल पार्थनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, काढून घेतला. लहान बाळाजवळ मोबाईल बरा नाही म्हणाला. त्याला सुट्टी मिळाली की तो यायचा, पण बायकोकडे न बघता सगळा वेळ बाळाकडेच बघत बसायचा. बाळ बघायला येणाऱ्या बायकांना मी दारातच गाठायची. जिच्या तोंडाचा भरवसा नाही तिला बाळ झोपलंय म्हणून वाटेला लावायची. त्यात अर्धं गाव वाटेला लागलं.

आणि मी दोन डबे करू लागले. एक लेकीचा, एक आईचा.

लेकीच्या डब्यात बाजरीची भाकरी, वर तुपाची धार, शेपूची नाहीतर मेथीची भाजी, लसणाची फोडणी दिलेली मुगाची आमटी, अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू. आईच्या डब्यात पांढरं वरण आणि कोरडी भाकरी. पांढरं वरण म्हणजे तुरीची डाळ नुसती शिजवून मीठ घातलेली. हळद नाही, फोडणी नाही. आमच्याकडे सुतकाच्या घरी कढई चढत नाही आणि शेजारपाजारचेही तिथं फोडणीचं काही नेत नाहीत. हे वरण एरवी कुणी करत नाही. आजाऱ्यालासुद्धा चिमूटभर हळद घालूनच देतात. मळ्यातल्या माणसांसाठी गावातून पाळीपाळीनं जेवण यायचं, पण पंकजा त्या घोळक्यात घास उचलायची नाही. म्हणून तिचा डबा मी वेगळा न्यायची. तो बहुतेक वेळा तसाच परत यायचा.

डबे दोन्ही सारखेच, स्टीलचे, तीन पुडांचे. लेकीचा लाल फडक्यात बांधायचा, आईचा पांढऱ्या. सकाळी स्वयंपाक झाला की आधी समोर लाल फडक्यातला ठेवायचा आणि मग स्कुटीवरून पांढरा घेऊन मळ्यात जायचं.

दिवे लागायच्या सुमाराला पंकजा मळ्यातून यायची ती आधी माझ्याकडे. तोंड धुवायची. मी आणलेल्या हिरव्या बांगड्या हातात चढवायची. गळा दिसू नये म्हणून पदर सगळीकडून लपेटून घ्यायची. आणि मग खिळ्याला टांगलेल्या आरशासमोर उभी राहून कुंकू लावायची. माझ्या घरात कुंकू नव्हतं. कितीतरी वर्षं नव्हतं. करंडा मी तिच्यासाठीच नेवाशाच्या बाजारातून आणला. ती चांगलं ठसठशीत बोट उठवायची, कपाळभर. मग लेकीचा संध्याकाळचा डबा घेऊन गल्ली ओलांडून तिच्या खोलीत जायची, आणि आत गेल्यावर तिच्या हसण्याचा आवाज माझ्या ओट्यापर्यंत यायचा. तो आवाज ऐकला की मला भाकरी थापवत नसे.

आमच्या ग्रामसभेत एक ठराव झालाय. नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. पंचायतीच्या भिंतीवर निळ्या अक्षरांत रंगवलाय. रंगवून झाला आणि सगळे आपापल्या घरी गेले. बजरंगच्या मातीच्या दिवशी थोरल्या जावेनं पंकजाचं कपाळ मोकळं केलं, तेव्हा त्या ठरावाला हात वर करणारे तिथंच उभे होते. मीही उभी होते. माझं कपाळ मोकळं केलं तेव्हा तर ठरावही नव्हता.

ती जाऊ, राधाकृष्णाची बायको, एक दिवस सकाळी सकाळी माझ्या दारात आली. मी नुकती डाळ उतरवली होती.

"पुष्पाताई, तुमाला काय कळतं का न्हाई?" ती म्हणाली. "नवरा गेलेली बाई रोज बाळंतिनीच्या खोलीत जाती. वर कुंकू लावून. उद्या त्या पोरीला न्हाईतर लेकराला काय झालं म्हंजे?"

"आई हाय ती तिची."

"आई असली म्हनून काय झालं? दहाव्यानंतर मी न्हाई जाऊ द्यायची. तोवर तुमी खुशाल नटवा तिला."

"मग मी बी बाळंतिनीचं जेवन करते की," मी म्हणाले. "माझा बी नवरा गेलाय. माझ्या हातचं खाऊन लेकराचं अंग भरतंय, ते कसं चालतं तुमाला?"

"डब्याचं येगळं," ती म्हणाली आणि पदर झाडून निघून गेली.

डब्याचं वेगळं! हात चालतो, कपाळ चालत नाही. रागानं माझे कान तापले. राग आला की माझे हात भराभर चालतात आणि डोकं बंद पडतं. मी भाकऱ्या बडवल्या, डबे भरले, फडकी आवळली, लाल फडक्यातला डबा समोर निकिताच्या खाटेजवळ ठेवला. "आमटी गार होऊ देऊ नको," असं म्हणून तिच्याकडे नीट न बघताच बाहेर पडले.

मळ्यात पंकजा गोठ्याच्या बाजूला एकटीच बसली होती. मी डबा पुढे ठेवला. तिनं सवयीनं फडकं सोडलं, वरचं झाकण काढलं आणि तशीच बघत राहिली. आत तुपानं भिजलेली भाकरी आणि दोन डिंकाचे लाडू होते.

"पुष्पाताई," ती म्हणाली, "मग तिच्याकडं काय गेलं?"

पांढरं वरण गेलं होतं. निकिता याच गावची पोर. आजी गेली तेव्हा हेच वरण तिनं खाल्लं होतं, आणि माझा नवरा गेला तेव्हा तिच्या आईनं तिच्याच हाती हेच वरण माझ्या घरी पाठवलं होतं. डबा उघडला की दुसऱ्या कुणी काही सांगायची गरजच नव्हती. इतके दिवस सगळ्या गावानं तोंड बंद ठेवलं आणि शेवटी सांगितलं ते माझ्या डब्यानं.

पंकजा फडकं टाकून उठायला लागली. मी तिला खाली बसवलं. "तू हितंच ऱ्हा. मी बघते," म्हणाले आणि स्कुटी काढली. त्या रस्त्यानं मी रोज जाते, पण त्या दिवशी तो सरेचना. डोळ्यांपुढे एकच येत होतं, निकिता ऊर बडवून घेतेय आणि लेकरू कोरड्या छातीला तोंड लावून रडतंय. देवाला मी फारशी हाक मारत नाही, पण त्या दिवशी वाटभर मारली.

घरात शिरले तर रडणं नव्हतं. खोलीत शेगडीतल्या ओव्याचा वास होता. निकिता खाटेवर भिंतीला टेकून बसली होती, बाळ पदराखाली. त्याचा गिळण्याचा बारीक आवाज येत होता. खाटेखाली डबा होता, रिकामा, पुडं एकात एक घातलेली, फडक्याची नीट घडी करून वर ठेवलेली.

मी दारातच उभी राहिले.

"बसा ना मावशी," ती म्हणाली. "वरन सगळं खाल्लं मी."

"निकिता, अगं ते…"

"नका काय सांगू. मला म्हाईत हाय." तिनं बाळाच्या टाळूवरून हात फिरवला. डोळे भरलेले होते, पण आवाज धड होता. "आज न्हाई कळलं. दवाखान्यातून आले त्याच दिवशी कळलं."

"कोन बोललं? पार्थ बोलला का?"

"कुनी न्हाई बोललं. आई आली ना संध्याकाळी, कपाळभर कुंकू लावून." तिनं बाळावरचा पदर सारखा केला. "मावशी, आई कधी कुंकू लावती का? मी जन्मल्यापास्नं बघते, ती टिकली लावती. बारकी, लाल. कुंकवानं तिच्या कपाळाला पुरळ येतो. तिला हळदीकुंकवाला कुनी लावलं तरी घरी येऊन लगेच पुसायची. आप्पा तिला हसायचे त्याच्यावरनं."

रोज समोर दिसणारं ते कपाळ, तिथं टिकली असायची हे मला का आठवू नये? नवरा असलेली बाई दाखवायची म्हणजे कुंकू, एवढंच माझ्या डोक्यात. माझं पुसलं ते कुंकूच होतं ना. म्हणून मी कुंकू आणलं. आणि पंकजानंही बिचारीनं, मी आणलं म्हणून, काही न बोलता ते लावलं.

"मग बोलली का न्हाईस पोरी? येवढं येकटीनं पोटात ठिवलंस?"

"पहिल्या रात्री बोलनार हुते," निकिता म्हणाली. "आई बाळाला मांडीवर घेऊन बसली हुती. तिच्या कपाळाकडं बघितलं आन् वाटलं, मी आता बोलले की ही उठून तोंड धुईल. मग परत कधी लावायची न्हाई. माझ्यापुढं तरी लावती. मी नुसतं 'कळलं' म्हनायचा अवकाश, ते बी जाईल."

बाळानं दूध सोडलं. तिनं ते खांद्यावर घेतलं आणि हळूहळू पाठ थोपटू लागली.

"आन् आई मळ्यात जेवती का?" तिनं विचारलं.

"न्हाई. डबा तसाच येतो."

"हितं जेवती. मी म्हनते, आई, मला येकटीला जात न्हाई, तू बस संगं. तिला न्हाई म्हनता येत न्हाई. सुतक हाय म्हनून लाडू खात न्हाई, असं कसं सांगनार मला? मग खाती. अर्धी भाकरी, येक लाडू." ती पहिल्यांदाच जरा हसली, आणि ते हसू तसंच मोडलं. "पन मावशी, मला तुपाचा घास जायचा न्हाई. आप्पा गेल्यात आन् मी लाडू खाती. लेकरासाठी गिळायची. आज डबा उघडला, पांढरं वरन बघितलं, आन् मनात आलं, आज तरी मला आप्पांचं जेवन आलं. शेवटचा दाना पुसून खाल्ला मी."

मग मात्र ती रडली. बाळाला धक्का लागू नये म्हणून खांदा ताठ धरून रडली. मी तिचं डोकं पोटाशी धरलं. माझे डोळे काही कोरडे राहिले नाहीत. आपण तिला फसवतोय असं सगळं घर समजत होतं, आणि त्या पोरीनंच सगळ्या घराला फसवलं होतं. दूधही आटू दिलं नव्हतं.

"किती दिवस चालवनार गं हे?" मी शेवटी विचारलं.

"बारशापत्तर तरी चालवू द्या. मग मीच बोलते तिच्याशी." तिनं पदरानं डोळे पुसले. "पन तोवर येक करा मावशी. तिला कुंकू नका देऊ. टिकली द्या. कपाळ सगळं लाल झालंय तिचं. खाजवती, आन् मी बघितलं की म्हनती, डास चावला."

दुपारी मी नेवाशाला गेले. बांगड्यांच्या दुकानात उभी राहून टिकल्यांचं पाकीट मागितलं, लाल, बारक्या. दुकानातली बाई माझ्या कपाळाकडे बघत राहिली. एरवी मी तिला चार शब्द ऐकवले असते. त्या दिवशी म्हटलं, "आनखी बारीक दावा. ह्या लई मोठ्या हायत."

दिवे लागायच्या आधीच पंकजा आली. जवळजवळ पळतच आली. ओट्यावरच तिनं माझे दोन्ही हात धरले. "कळलं का तिला? बोलली का काय? दूध?"

मी आयुष्यात इतकं सरळ तोंड करून खोटं बोलले नसेन. "काय कळलं न्हाई. डबा उघडायच्या आधीच मी पोचले. बदलून दिला. पोट भरून जेवली आन् लेकरू पिऊन झोपलंय."

पंकजा माझ्या खांद्यावर डोकं टेकून कितीतरी वेळ उभी राहिली. मग तोंड धुऊन आली. बांगड्या घातल्या, पदर गळ्याभोवती ओढून घेतला आणि कोनाड्यात करंडा शोधू लागली. तिच्या कपाळावर मधोमध बारीक पुरळ उठला होता. रोज ती माझ्यापुढे उभी राहायची आणि मला तो दिसला नव्हता.

"कुंकू सांडलं आज माझ्या हातनं," मी म्हणाले. "ही घे, टिकली लाव."

तिनं पाकिटाकडे बघितलं. मग माझ्याकडे. एक टिकली नखानं सोडवली आणि बोटाच्या टोकावर घेतली. आरसा समोरच होता. तिनं आरशात बघितलंच नाही. हात आपोआप वर गेला आणि टिकली भुवयांच्या मधोमध, तिच्या नेहमीच्या जागी, बरोबर बसली. बोट तिथं थोडा वेळ तसंच दाबून राहिलं.

लाल फडक्यातला डबा मी तिच्या हातात दिला. "लाडू चार घातल्यात. तिला येकटीला जात न्हाईत म्हनं."

"व्हय, मला बी तेच म्हनती," पंकजा म्हणाली. टिकल्यांचं पाकीट तिनं परत माझ्यापुढे केलं. "हे ठिव. उद्या लागंल."

मी ते घेतलं नाही. तिच्या कमरेच्या पिशवीत खोल सारलं आणि पिशवीचं तोंड आवळलं.

"तुज्यापाशीच असू दे," मी म्हणाले. "लई हायत त्यात."